बिनभावाचं कार्ड

वसईजवळच्या उमेळ्याच्या द्वारकाबाई जर्मनीला जाऊन आल्या आणि त्यांच्या डोक्यात वारं शिरलं, असं गावात अजून बोलतात. धादांत खोटं आहे. द्वारकाबाईंच्या डोक्यात जे काय होतं ते जर्मनीला जायच्या आधी चौदा वर्षं होतं. तिथे त्यावर फक्त इस्त्रीचा पांढरा रुमाल पडला.

त्या चौदा वर्षांपासून सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं एका म्हातारीचा हट्ट वाटेल, आणि गावाला तेच हवं आहे.

एकोणीसशे एकोणसत्तर साली त्यांचे यजमान हिरामण काविळीने गेले. बाईंनी नुकतीच चाळिशी गाठली होती, पदरात एकच मुलगी, प्रेमलता. वाडी दोघा भावांची. केळी, विड्याच्या पानवेली, विहिरीच्या कडेने सोनचाफ्याची झाडं. धाकटा दीर आत्माराम मुंबईत कारकून. सकाळी पांढऱ्या शर्टात जायचा, संध्याकाळी तसाच परत यायचा. मग वाडी कोण बघणार? द्वारकाबाई बघायला लागल्या. शिंपणं, वेली चढवणं, पानं खुडणं त्या आधीही करतच होत्या. नवीन होतं ते एकच, माल मुंबईच्या बाजारात नेऊन विकणं.

तिथे भाव रुमालाखाली ठरायचा. दलाल आणि घेणारा हातावर रुमाल टाकायचे आणि खालून एकमेकांची बोटं दाबायचे. कुठलं बोट किती वेळा दाबलं म्हणजे किती, ते त्या दोघांनाच कळायचं. पुरुष शेतकरी निदान स्वतःचा हात पुढे करू शकत होता. बाईचा हात रुमालाखाली कोण घेणार? दलाल मोठ्या अदबीने म्हणायचा, बाई, तुम्ही सावलीत बसा, चहा घ्या, भाव मागाहून कळवतो. सहा महिने द्वारकाबाईंनी तो चहा प्यायला. सातव्या महिन्यात एका सकाळी त्या पानांच्या करंड्यांवरच जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, तोंडाने भाव बोलल्याशिवाय माल हलणार नाही.

दलाल चिडला नाही, तेच बाईंना जास्त लागलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाईमाणसाशी भावाचं बोलणं बरं दिसत नाही. आम्ही तुमचा मान ठेवतो."

"मान राहू द्या," बाई म्हणाल्या. "भाव सांगा."

दुपारपर्यंत पानं सुकायला लागली. बाई उठल्या नाहीत. शेवटी दलालाने भाव बोलून दाखवला, आणि आधीच्या सहा महिन्यांत आपल्याला काय मिळत होतं त्याचा हिशेब बाईंना न मांडताच कळला. त्यानंतर त्यांचा माल उघड्यावर विकला जाऊ लागला. आठवड्याभरात शेजारच्या वाडीची क्लेमेंटीन तिची वांगी घेऊन त्यांच्या बाजूला येऊन बसली. क्लेमेंटीन म्हणजे जाडजूड, हसरी आणि तोंडाची फटकळ. ती दलालाला म्हणाली की, द्वारकेला सांगितलास तसा मलापण तोंडानेच सांग, माझे कान धुतलेले आहेत.

ही द्वारकाबाई. शाळा चौथीपर्यंत. पण बाजाराच्या पावत्यांमुळे इंग्रजी आकडा लांबून वाचायची सवय. आता जर्मनीचं.

प्रेमलता शिकली, बी.एस्सी. झाली, जवळच्याच वटार गावच्या गुरुदत्तला दिली. गुरुदत्तच्या घरची मोठी बागायत, पण त्याचं मन यंत्रात. बाटल्या भरायची यंत्रं करणाऱ्या एका जर्मन कारखान्याने त्याला नेलं आणि दोघं ट्रियर नावाच्या गावी राहायला गेली. त्र्याऐंशी साली प्रेमलताला दिवस गेले. बाळंतपणाला आई हवी म्हणून जावयाने तिकीट पाठवलं. हे त्याचं चांगलंच होतं; पुढे तो वागला तसा वागला म्हणून ते पुसायचं कारण नाही.

ट्रियर म्हणजे फार जुनं गाव. रोमन लोकांनी बांधलेला काळ्या दगडांचा दरवाजा अजून उभा आहे. गुरुदत्तने तो दाखवला, हमामखान्याचे अवशेष दाखवले, आणि सासूबाई काय म्हणतात याची वाट बघत उभा राहिला. सासूबाईंचा जन्म वसईच्या किल्ल्याच्या सावलीत गेलेला. भिंती चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, पण दगडांतून पिंपळ कसा नाही उगवला, झाडलोट चांगली ठेवलेली दिसते.

फ्रान्सची हद्द तिथून जवळ, गावात फ्रेंच फौजेची छावणी, त्यामुळे फ्रेंच खाणावळी बऱ्याच. खाणावळी हा बाईंचा शब्द. गुरुदत्तला तो आवडायचा नाही. तिथे जेवायला जाणं ही त्या गावातली प्रतिष्ठा होती. साहेबलोक जात. गुरुदत्तला नुकतीच बढती मिळाली होती आणि प्रेमलताला सातवा महिना लागला होता, तेव्हा त्याने जाहीर केलं की डोहाळजेवण फ्रेंच हॉटेलात होईल.

बाई नऊवारी नेसून, वरून जावयाचा लोकरी कोट घालून गेल्या. आत मेणबत्त्या. काळ्या कोटातला एक वेटर आला, त्याने खुर्ची मागे ओढली, बाई बसताच पुढे सरकवली, मांडीवर रुमाल पसरला आणि तिघांना तीन कार्डं दिली. चामड्याच्या पुठ्ठ्यात, आत झोकदार अक्षर. बाईंना त्यातलं काही वाचता येईना. म्हणून त्यांनी जे वाचता येतं ते शोधलं. आकडे. पहिलं पान झालं, दुसरं झालं, एकही आकडा नाही.

त्यांना वाटलं, इथे भाव बोलून ठरवायचा असेल. ठीक आहे, बोलू. त्या वेटर बोलायची वाट बघत बसल्या. तो काही बोलेना, नुसता हसून बघत उभा. मग बाईंनी त्याला बोटांनी खूण केली, किती? तो आणखी वाकून हसला आणि गुरुदत्तकडे बघायला लागला. बाईंनीही तिकडे बघितलं, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्यांना जावयाच्या कार्डावर उजव्या बाजूने आकड्यांची उतरंड दिसली. प्रेमलताच्या कार्डावर नव्हती.

"गुरुदत्तराव, तुमच्या कार्डावर भाव आहेत. आमच्यावर का नाहीत?"

गुरुदत्त हळू आवाजात म्हणाला, "बायकांचं कार्ड तसंच असतं, आई. चांगल्या हॉटेलातली पद्धत आहे. बायकांना पैशाची चिंता नको म्हणून. हा तुमचा मान आहे."

तो शब्द कानावर पडला आणि मग बाईंना त्या जेवणात काही गोड लागलं नाही. पहिलं ताट आलं ते लसूण घातलेल्या लोण्यातल्या सहा गोगलगायींचं, बरोबर धरायला चिमटा. आयुष्यभर भल्या सकाळी पानवेलींवरून गोगलगायी वेचून मिठाच्या डब्यात टाकणाऱ्या बाईसमोर ते आलं. प्रेमलताने ओळ दाखवली, तशी त्यांनी मान लांब करून जावयाच्या कार्डावरचा आकडा वाचला. अठरा जर्मन मार्क. खाण्याचा त्यांनी राग धरला नाही. ज्याला जे आवडतं ते त्याने खावं. पण सहा गोगलगायींना अठरा मार्क लावायचे आणि वर ते बाईला कळू द्यायचं नाही, हे काय आहे?

 घरी आल्यावर प्रेमलताला म्हणाल्या, "हा रुमालाखालचाच धंदा आहे. रुमाल तेवढा इस्त्रीचा."

प्रेमलता हसली. म्हणाली, आई, सोड, दोन तासांचा प्रश्न. दोन तासांचा असता तर खरंच सोडला असता.

दहा दिवसांनी उमेळ्याहून जाड पाकीट आलं. आत्मारामने स्टॅम्पपेपरचा टाइप केलेला मसुदा पाठवला होता. वसई रोड स्टेशनच्या बाजूने इमारती सरकत उमेळ्याच्या वेशीवर आल्या होत्या आणि एका बिल्डरने त्यांची अख्खी वाडी मागितली होती. हिरामणनंतर सातबाऱ्यावर द्वारकाबाईंचं नाव लागलेलं, म्हणून त्यांची संमती लागत होती. कागदावर गाव होतं, सर्व्हे नंबर होता, विहीर होती, दोघांची नावं होती, बिल्डरचं नाव होतं. रकमेच्या जागी टिंबं टिंबं टिंबं. खाली पेन्सिलीची फुली, सही इथे.

सोबत पत्र. आत्मारामचं अक्षर मोत्यासारखं. वहिनींना साष्टांग नमस्कार. बोलणी चालू आहेत, आकडा इथे भरून घेऊ, तुम्ही परक्या देशात उगाच जिवाला ताप करून घेऊ नये. तुमचा मान राखूनच सर्व होईल.

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, इथली आणि तिथली माणसं हे वाक्य एकाच शाळेत शिकतात का?

गुरुदत्तचं मत पडलं की सही करून टाकावी. काका शिकलेले आहेत, घरचे आहेत, बिल्डरशी बोलणं पुरुषांनाच जमतं. त्याने स्वतःचं पेनही पुढे केलं. बाईंनी पेन बाजूला ठेवलं, कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि आत्मारामला चार ओळी लिहिल्या. आकडा भरून पाठवा, मग बघते. चौदा वर्षं ज्या मातीत त्यांचे पाय सकाळपासून भिजत होते तिची किंमत काय, हे सगळ्यात शेवटी त्यांना कळणार होतं. कळणार तरी होतं की नाही, देव जाणे.

तशात गुरुदत्तच्या साहेबाने जेवायला बोलावलं. दुसरं फ्रेंच हॉटेल, पहिल्यापेक्षा भारी, नदीकाठचं. साहेब, साहेबाची बायको आणि ही तिघं. साहेबीणबाई साठीच्या, गळ्यात मोत्यांची माळ, स्वभावाने गोड. द्वारकाबाईंच्या हिरव्या बांगड्यांवरून त्यांनी दोनदा हात फिरवला. मग कार्डं आली. साहेबाच्या आणि गुरुदत्तच्या कार्डावर भाव. तिघी बायकांच्या कार्डावर नाहीत.

द्वारकाबाईंनी प्रेमलतामार्फत साहेबीणबाईंना विचारलं की, तुम्ही मासा मागवलात, तो केवढ्याला असेल? साहेबीणबाई हसल्या आणि एक आकडा बोलल्या. साहेब खो खो हसला. आकडा अर्ध्याहून कमी होता. किती वर्षं येता इथे, बाईंनी विचारलं. एकोणतीस, साहेबीणबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांचं हसू कुठेतरी अडलं. त्यांनी नवऱ्याच्या कार्डाकडे हात नेला. नवऱ्याने लाडाने कार्ड छातीशी धरलं आणि काही बोलला. प्रेमलताने त्याचं मराठी केलं: तुझं जेवण गोड राहू दे.

द्वारकाबाईंनी आपलं कार्ड मिटलं आणि वेटरच्या हातात परत दिलं. गुरुदत्तच्या कार्डावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. भाषा लागत नाही याला. वेटरला बरोबर कळलं. त्याने काय केलं? साहेबाकडे बघितलं. साहेबाने गुरुदत्तकडे बघितलं. ज्या बाईने मागितलं तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.

गुरुदत्तचे कान लाल झाले. तो मराठीत म्हणाला, "आई, माझी नोकरी आहे ही. हात जोडतो."

"मी तुमच्या नोकरीचं काही मागत नाही. आकडे मागते. ते काय चोरून आणलेले आहेत?"

यावर प्रेमलता बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती एरवी वाद टाळणारी. तिने पोटावर एक हात ठेवून आपलंही कार्ड टेबलावर उलटं टाकलं आणि वेटरला जर्मनमध्ये सांगितलं की दोन कार्डं आणा, भाव असलेली. साहेबीणबाईंनीही आपलं कार्ड मिटलं. म्हणाल्या, तीन.

कार्डं आली. आभाळ कोसळलं नाही. साहेबीणबाईंनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळे आकडे वाचले आणि मासा बदलून साधं सूप मागवलं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. साहेब नंतर नदीबद्दल बोलत राहिला. नोकरी गेली नाही. पण गुरुदत्त तीन दिवस सासूशी बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी बोलला तो एवढंच की, तुम्ही मला चारचौघांत खाली बघायला लावलंत. बाईंना त्याची कीव आली. सासूने भाव वाचला म्हणून ज्याची मान खाली जाते, त्याची मान मुळात कुणी वर धरली होती?

ऑक्टोबरात नात झाली. बाईंनी बाळंतिणीचं सगळं केलं, गुरुदत्तलाही गावच्या शेवग्याच्या पाल्याची आठवण होईल असं खाऊ घातलं, आणि चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत उमेळ्याला परतल्या. तोवर आत्मारामची तीन पत्रं येऊन गेली होती. तिन्हींत मान होता, आकडा नव्हता.

वाडीत शिरल्या तर केळीच्या रांगेत चुन्याने रंगवलेले दगड पुरलेले. बिल्डरची माणसं मोजून गेली होती. विहिरीजवळच्या चाफ्याच्या बुंध्यावर, तोडायचा म्हणून, लाल रंगाची फुली. बाईंनी पिशवी खाली ठेवली नाही, घरात पाय ठेवला नाही, तशाच दिराच्या ओट्यावर गेल्या आणि सांगितलं की त्या बिल्डरला रविवारी बोलवा. इथे, उजेडात. आणि क्लेमेंटीनलाही निरोप धाडला.

रविवारी सफारी सूट घातलेला एक माणूस आला. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला, मावशी म्हटलं, प्रवास कसा झाला विचारलं, आणि मग खुर्ची आत्मारामकडे वळवून बोलायला लागला. क्लेमेंटीन दाराशी पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, सातबारा तिकडे नाय, हिकडे बसलाय. खुर्ची फिरवा."

त्याने खुर्ची फिरवली. बाईंनी कोरा राहिलेला कागद त्याच्यासमोर ठेवला आणि टिंबांवर बोट ठेवलं. तो आत्मारामकडे बघायला लागला, अगदी त्या वेटरसारखा. बाई बोट उचलेनात. शेवटी आत्मारामनेच आकडा सांगितला. पुटपुटत सांगितला, म्हणून बाईंनी मोठ्याने परत सांगायला लावला.

आता खरं ते लिहायला हवं. आकडा चांगला होता. उमेळ्यात तोवर कुणाला मिळाला नव्हता इतका. आत्मारामने एक पै इकडची तिकडे केली नव्हती. निम्मे पैसे वहिनीच्या नावे बँकेत टाकायचे, हेही त्याने बिल्डरकडून लिहून घेतलं होतं. गावात जे म्हणतात की दिराने फसवलं म्हणून बाई भांडल्या, ते आत्मारामवर अन्याय करतात आणि द्वारकाबाईंवर त्याहून मोठा. त्यांना भांडणाचं कारण कळलेलंच नाही.

आत्मारामला तेव्हा जोर चढला. गेले पाच महिने त्याने बिल्डरला थोपवून धरलं होतं, हेलपाटे घालून त्याचे पाय दुखले होते. "बघा वहिनी," तो म्हणाला, "कुठे फसवलं तुम्हाला? बोला ना."

"फसवलं असतंत तर बरं होतं, भावजी," द्वारकाबाई म्हणाल्या. "चोर निदान समोरच्याला शहाणा समजतो, म्हणून लपवतो. तुम्ही लपवलंच नाहीत. सांगायचं असतं, हेच तुमच्या डोक्यात आलं नाही."

 आत्मारामची बायको चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात थांबली होती, ती तिथेच थांबली.

बाईंनी कागद घडी करून सफारीवाल्याला परत दिला. आत्मारामला त्याचा भाग विकायचा असेल तर तो त्याने खुशाल विकावा, पण आधी मोजणी करून दोन वाटे पाडायचे. त्यांच्या वाट्याचं पुढे काय करायचं ते त्या ठरवतील, आणि जो भाव होईल तो या ओट्यावर तोंडाने बोलला जाईल. सफारीवाला म्हणाला, मावशी, अर्ध्या जागेत आम्हाला परवडत नाही, भाव पडेल. बाई म्हणाल्या, पडू दे. पडलेला मला दिसेल तरी.

हे महागात पडलं. ते लपवायचं कारण नाही. वाटण्या व्हायला दीड वर्ष गेलं. आत्मारामच्या भागाला सुरुवातीच्या आकड्याहून कमी मिळालं, आणि त्याच्या बायकोने पुढे दोन गणपती द्वारकाबाईंच्या घरी पाऊल टाकलं नाही. गावाने ठरवलं, म्हातारी हट्टी, परदेशचं पाणी लागलं. क्लेमेंटीन म्हणायची की द्वारके, तुला पानी लागलं नाय, तू त्यांना लागलीस. शहाऐंशी साली बाजूला तीन मजली इमारत उभी राहिली, तिची सावली दुपारनंतर पानवेलींवर पडायला लागली. वेलींना सावली मानवते. तेवढा एक फायदा. चाफ्याच्या बुंध्यावरची लाल फुली पावसांनी फिकट झाली. ती बाईंनी खरवडून काढली नाही, राहू दिली.

त्याच वर्षी प्रेमलताचं पत्र आलं. आत नातीचा फोटो, आणि कागदावर उतरवून घेतलेली नदीकाठच्या हॉटेलच्या कार्डाची नक्कल, पदार्थांची नावं मराठीत आणि समोर आकडे. तिने लिहिलं होतं की आता ती कुठेही गेली की आधीच भाव असलेलं कार्ड मागते. गुरुदत्त अजून त्या वेळी खिडकीबाहेर बघतो, पण बघू दे. द्वारकाबाई आणि क्लेमेंटीन विहिरीच्या कठड्यावर बसून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचत होत्या. गोगलगायी एकोणीस मार्कांवर गेल्या होत्या. क्लेमेंटीन म्हणाली की आयुष्यभर फुकट मारल्या, नुसकान झालं.

तेवढ्यात कुंपणाशी आत्माराम आला. विहीर दोन्ही वाट्यांत सामाईक राहिली होती, तिचा पंप जळला होता, दुरुस्तीवाल्याचं बिल त्याच्या हातात होतं. तो आत आला नाही. बसा म्हणायचीही त्याने वाट बघितली नाही. कुंपणाच्या पलीकडूनच चष्मा कपाळावर सरकवून त्याने बिल वाचायला सुरुवात केली: तार अमुक, मजुरी अमुक, एकूण अमुक. इमारतीच्या गॅलरीतल्या दोन बायका वाकून बघायला लागल्या इतक्या मोठ्याने.

द्वारकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात पुढे करून बिल मागितलं आणि स्वतः एकदा वाचलं. आकडे तेच होते.

"आता आत या, भावजी," त्या म्हणाल्या.